परातीतला लेख

झोपलेल्या पोराला लिहिताना मी पाहिलं आहे. कोणाला खरं वाटणार नाही, आधीच सांगून ठेवतो. मलाच कोणी येऊन सांगितलं असतं तर मी त्याच्या डोक्यावर ओलं फडकं ठेवून त्याला घरी पोचवलं असतं. पण हे दोन डोळे साक्षीला आहेत. पोरगं जाळ्याच्या गुंडाळीवर गाल टेकून घोरत होतं आणि त्याच वेळी त्याचं बोट परातीतल्या पिठात लिहीत होतं. अक्षर असं वळणदार की मास्तरानं फळा पुसून घरी जावं.

“मुखरूआबा,” सुनिल म्हणाला, “मांगच्या मंडईत तं तुमी वाघाले प्रॉम्टिंग केलं म्हणे. थो वाघ कुठी गेला?”

“थो वाघ पाठांतरात कच्चा होता. हा पोट्टा खरा हाये. बस खाली.”

दिवाळीनंतर गावोगाव जत्रा भरते, तिला आमच्याकडे मंडई म्हणतात; त्या मंडईची दुपार होती. रात्रीच्या नाटकाचा मंच बांधून झाला होता, पडदे यायचे होते, आणि मंडपाच्या सावलीत माझ्याभोवती दहा-पंधरा रिकामी माणसं जमली होती. झाडीपट्टीच्या नाटकांत मी उभी हयात प्रॉम्टर. मंचाच्या पुढच्या कडेला खड्डा असतो, त्यात बसून नटांना वाक्य पुरवायचं. तोंड त्यांचं, शब्द माझा. एकदा मला खड्ड्यात शिंक आली तर मंचावरचा बाप, त्याचा मुलगा आणि इन्स्पेक्टर ओळीनं शिंकले, आणि लोकांनी वन्स मोअर दिला. एकदा पायाला विंचू डसला. मी ओरडलो, “मेलो गं माय!” नायिकेनं तेच वाक्य जसंच्या तसं म्हटलं. त्या वर्षी तिला बक्षीस मिळालं आणि मला सूज.

“अन् झोपेल पोट्टा?” सुनिलनं आठवण दिली.

सांगतो. मागे खांबाला टेकून एक बाई बसली होती, मांडीवर लेकरू. या गावात नवी दिली असावी, मी कधी पाहिली नव्हती. तीही सरसावून बसली.

तर गोष्ट आमच्या गावची, पोंभुर्ण्याच्या अलीकडची. एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला तलाव, तलावाच्या पाळीखाली घरं. दहा-बारा वर्षं झाली असतील; त्यानंतर लवकरच मी ते गाव सोडलं. पाळीला लागून इस्तारी आणि कुंता यांचं घर. तो तलावात जाळं टाकायचा, ती बाजारात मासे विकायची. दोन लेकरं: डिंपल आणि तिच्याहून लहान मिथुन.

मिथुन सात-आठ वर्षांचा, आणि बोलत नसे. बहिरा नव्हता. तलावात मोठा मासा उसळला तर घरात बसून मान वळवायचा. पण नावानं हाक मारा, ढिम्म. डोळ्याला डोळा कधी दिला नाही. जाळं बुडायला मातीच्या भाजलेल्या गोळ्या लावतात ना, त्या तो अंगणात रांगेनं मांडायचा. एक जरी गोळी कोणी सरकवली तरी कान झाकून किंचाळायचा. कपडा त्याला टोचायचा. कोणी अंगाला हात लावला की अंग चोरायचा, आईचाही.

आमच्या गावानं आपल्या अकलेप्रमाणे त्याचे सगळे इलाज केले. पुजाऱ्यानं कोंबडा खाल्ला. एका वैदूनं जिभेखाली राख चोळली. एका शहाण्यानं पोटावर डागण्या दिल्या, पोरगं दोन महिने उताणं झोपलं, आणि शहाणा म्हणाला, “गुण येऊन राह्यला.”

आणि मग अवतरले श्री श्री अक्षरानंद महाराज.

जन्मनाव झिंगू. गडचांदूरकडे सिमेंटच्या ट्रकवर क्लीनर होता. ट्रक मागे घेताना “आने दो, आने दो” असं ओरडणं हे त्याचं काम. पुढेही त्यानं तेच केलं, ट्रकच्या जागी भक्त आले एवढंच. आवाज भरदार, दाढी भरदार, पोट त्याहून भरदार. सोबत बुधू नावाचा चेला आणि एक पितळी परात.

मिथुनला पाहून महाराजांनी डोळे मिटले. “हा बालक मुका नाही! हा महामौनी आहे! जो बोलतो तो खोटं बोलतो, जो बोलत नाही त्याच्या आत ब्रह्म बोलतं! वाचा त्याच्या कंठात नाही, बोटात उतरली आहे! परात आण, बुधू!”

परातीत तांदळाचं पीठ पसरलं. महाराजांनी गळ्यातली काचमण्यांची माळ काढून मिथुनच्या डाव्या हातात दिली. पोरगं ती उन्हात धरून मण्यांतला उजेड बघत बसलं, जगाचं भान नाही. तेवढ्यात महाराजांनी त्याचं उजवं मनगट धरलं. अंगाला हात न लावू देणारा पोट्टा, पण माळेच्या नादात गप्प राहिला. गावाला तिथंच पहिला चमत्कार दिसला. मग बोट पिठात चालायला लागलं. बुधूनं ओणवं होऊन खड्या आवाजात वाचलं:

“बाबा, मी वेडा नाही. मला सगळं समजते. माझी तुमच्यावर खूप माया आहे.”

इस्तारी मटकन खाली बसला. आठ वर्षं ज्या पोरानं त्याच्याकडे धड पाहिलं नव्हतं, त्या पोराचं हे वाक्य. हा इस्तारी म्हणजे पुरात होडी उलटली तरी शिट्टी वाजवत पोहत येणारा गडी. तो तोंडात पागोट्याचं टोक कोंबून रडला. गाव रडलं. महाराजही रडले, पण एकच डोळा पुसला. दुसरा हात अडकलेला होता ना.

दुसऱ्या दिवसापासून माणसं लोटली. बैलबंड्या, ट्रॅक्टर, सायकली. पाळीवर पाय ठेवायला जागा नाही. कोणाचा बैल हरवला, कोणाच्या पोरीचं लग्न अडलं, कोणाची सून रुसून वरोऱ्याला माहेरी गेली. सगळ्यांची उत्तरं मिथुनचं बोट देई. “बैल पूर्वेकडे आहे.” पूर्वेकडे आंध्रापर्यंत जंगलच आहे, बैल कुठं तरी असणारच.

“आबा, पूर्वेले छत्तीसगड हाये,” सुनिल म्हणाला.

“बैलाले इचार,” मी म्हटलं.

पण या मौनी बालकाच्या लेखात एक गंमत होती. मिथुन जन्मात मासा तोंडात घालत नसे, वासानं ओकायचा. पण लिही काय? “गुरूंना मरळीचा रस्सा द्या. काटे काढून द्या.” स्वतः उघडा फिरायचा, आणि थंडी पडली तशी लिहिता झाला, “गुरूंना नवी रजई पाहिजे. जाड.” महाराजांचे गुडघे दुखले त्या दिवशी बालकाच्या बोटाला तिळाच्या तेलाची आठवण झाली. अशी दोन शरीरांत एक भूक मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

इथपर्यंत हसण्यावारी होतं. मग एका सकाळी बुधूनं वाचलं:

“माझी वाचा मायनं बांधली. मी पोटात होतो तेव्हा तिनं ग्रहणात मासा चिरला.”

ढिवराच्या बायकोनं मासा चिरू नये तर काय करावं? पण पोटुशी बाईनं ग्रहणात विळी धरायची नाही, हा आमच्याकडचा धाक. आणि कुंता शपथेवर तरी कशी सांगणार? रोजचेच मासे, कोणत्या दिवशी ग्रहण होतं तिला काय आठवतं! दुसऱ्या दिवसापासून पाळीवरच्या बायकांनी तिच्या शेजारी घागर ठेवायचं सोडलं. रुखमाबाई, महाराजांची पहिल्या नंबरची भक्तीण, तिला पाहून रस्ता बदलायला लागली.

आणि चार दिवसांनी शेवटचा लेख आला: “मंडई झाली की मला गुरूंच्या मठात पोचवा. मायला भेटू देऊ नका.”

मठ गडचांदूरच्या पुढे कुठंतरी. कोणी पाहिला नव्हता. पण पोरगं मिळालं की दुकान कायमचं, हे महाराजांना पक्कं कळलं होतं. इस्तारीनं शब्द दिला. कुंता त्याच्या पायाशी बसून म्हणाली, “अवो, लेकरू हाये ते. त्याले भात मीच चारतो. दुसऱ्या कोनाच्या हातचा खात नाई तो.”

“त्यानंच लिवलं ना,” इस्तारी म्हणाला. “आठ साल झाले, पोट्टा पहिल्यांदा काईतरी मांगून राह्यला. मी नाई म्हणू?”

त्या घरात डोकं ठिकाणावर असलेलं माणूस एकच होतं, आणि ते तिसरीत शिकत होतं. डिंपल मला म्हणाली, “आबा, मिथुन तं माळेकडं पाह्यते. परातीकडं पाह्यतच नाई. न पाह्यता कसा लिहिते?”

मी पोरीकडे बघतच राहिलो. गावातल्या दोनशे मोठ्या माणसांनी परात पाहिली, बोट पाहिलं, महाराजांची दाढी पाहिली. पोराचे डोळे कुठं आहेत हे कोणी पाहिलं नव्हतं. आणि मग माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला. हे तर माझंच काम! तोंड एकाचं, शब्द दुसऱ्याचा. प्रॉम्टरनं प्रॉम्टर ओळखला. फरक एवढाच की मी खड्ड्यात बसतो आणि हा गादीवर.

बाजाराच्या दिवशी कुंता मासे घेऊन पोंभुर्ण्याला निघाली, मीही माझा दमा घेऊन निघालो. तिथं तेव्हा साधना नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या, नागपूरच्या, लेकरांच्या डॉक्टर. माझी छाती तपासता तपासता मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कानातली नळी बाजूला टाकली आणि कुंताला आत बोलावलं.

कुंतानं आधी तेच विचारलं. “ग्रहणात मासा चिरला म्हणून झालं का जी हे?”

“टोपलीभर चिरले असते तरी झालं नसतं,” बाई म्हणाल्या. “मूल पाहिल्याशिवाय मी शिक्का मारणार नाही. पण तुम्ही सांगता ते सगळं ऑटिझमचं आहे. स्वमग्नता. मेंदूची घडणच निराळी असते, जन्माच्या आधीपासून. आणि तुम्हीच एकट्या नाही, बाई. एके काळी मोठमोठे डॉक्टरही आईलाच धरायचे. म्हणे आईनं माया लावली नाही, म्हणून मूल असं झालं. मग जुळ्या मुलांचा अभ्यास झाला. हुबेहूब एकसारखी जुळी असतील आणि एकाला हे असेल, तर बहुतेक वेळा दुसऱ्यालाही असतं. म्हणजे ते उपजत आहे. आयांच्या मायेत खोट नव्हती, डॉक्टरांच्या अकलेत होती.”

विळी पुसावी तसं कुंता पदरानं तोंड पुसत राहिली.

“बरा होईल का जी?”

“याला औषध नाही, खोटं सांगणार नाही. पण शिकेल, त्याच्या रीतीनं. आता मला सांगा, तो लिहितो तेव्हा हात कोण धरतं?”

“महाराज.”

“महाराजांनी हात सोडला असताना कधी एक अक्षर काढलं?”

कुंतानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. बाई उठल्या आणि त्यांनी मला कानात एक युक्ती सांगितली. ती ऐकून मी एवढा हसलो की दमा पळाला, तो अजून आलेला नाही.

“कालच तं खोकून राह्यले होते,” सुनिल म्हणाला.

“तो दुसरा दमा हाये.”

तर डॉक्टरीणबाई गावात आल्या. मिथुनला लांबून बराच वेळ पाहिलं, मग महाराजांपुढे हात जोडून बसल्या. “महाराज, नागपूरच्या डॉक्टरांना हे दाखवायचंय. मंडईला पाच गावं जमतात. नाटकाचा मंच बांधलेला आहे. तिथं लेख झाला तर?”

पाच गावं म्हटल्यावर महाराजांची दाढी फुलली. “पण नियम आहेत, कन्ये! लेख चालू असताना कोणाचा आवाज होता कामा नये. जो आवाज करील त्याची वाचा जाईल! आणि मायची नजर माझ्यावर किंवा परातीवर असली की शब्द अडतो!”

“मंजूर,” बाई म्हणाल्या. “पण एवढ्या गर्दीत तो आईशिवाय बसणार नाही. मग असं करू, मध्ये चादर बांधू. आई आणि मूल एका बाजूला, तुम्ही दुसऱ्या बाजूला. चादरीला भोक पाडू, त्यातून फक्त हात तुमच्याकडे येईल. तिची नजर तुमच्यावर नको, परातीवर नको.”

महाराजांनी दाढी खाजवली. पण नियम त्यांचेच होते, आता मागे कसे घेणार? “तथास्तु!” म्हणाले.

मंडईचा दिवस उगवला. दुपारीच मंडप भरला. माणसं झाडांवर चढली, झाडं वाकून त्यांना मंचावर सोडायला लागली. मंचाच्या मध्ये, समोरून मागे अशी चादर ताणली होती. म्हणजे कसं, लोकांना दोन्ही बाजू दिसत होत्या. डावीकडे मिथुन, कुंता आणि डिंपल. उजवीकडे महाराज, बुधू आणि परात. त्या दोघांना पलीकडचं काही दिसत नव्हतं. मी माझ्या खड्ड्यात, बरोबर मधोमध.

मीच माइकवरून सांगितलं, “भावांनो, बायांनो, दोनी बाजूले नीट पाहा. अन् महाराजांचा नियम ध्यानात ठेवा. आवाज केला का वाचा गेली!”

मंडपात अशी शांतता पसरली की पाळीवरच्या बगळ्यानं घसा खाकरलेला ऐकू आला.

आधी डॉक्टरीणबाईंनी उजवीकडे महाराजांना लोटा दाखवला. डावीकडे डिंपलनं मिथुनला तसाच लोटा दाखवला. भोकातून आलेलं बोट चाललं. बुधूनं वाचलं, “लोटा!” माना डोलल्या.

मग डिंपलनं मिथुनला जाळ्याची मातीची गोळी दिली. पोराचा चेहरा उजळला. त्यानं ती मुठीत घट्ट धरली. उजवीकडे बाईंनी महाराजांसमोर नारळ धरला.

बोट चाललं. बुधू ओरडला, “नारळ!”

मी खड्ड्यातून पाहत होतो, पुढच्या रांगेतल्या माणसांची तोंडं एकेक करून उघडी पडायला लागली.

डावीकडे मासा. मिथुननं नाक दाबून मान फिरवली. उजवीकडे छत्री.

“छत्री!” बुधू म्हणाला.

रुखमाबाईचे गाल फुगायला लागले. महाराजांना सांगायचं होतं तिला, की बापा, जरा पलीकडे पाहा. पण वाचा गेली तर? तिनं अर्धा पदर तोंडात कोंबला. तिच्या शेजारच्या भक्तानं दोन्ही हातांनी स्वतःचे ओठ धरून ठेवले. स्वतःच्या भक्तांच्या तोंडाला महाराजांनी स्वतःच कुलूप घातलं होतं आणि किल्ली तलावात फेकली होती.

आता एक झालं, ते कोणी ठरवलं नव्हतं. पंधरा दिवस मिथुनला सकाळपासून अंधारापर्यंत गर्दीत बसवलेलं. इथं त्याच्या मुठीत गोळी, बाजूला घरच्या जाळ्याची गुंडाळी, शेजारी त्याची माय. त्यानं जाळ्यावर गाल टेकला आणि झोपला. बघता बघता घोरायला लागला. कुंतानं त्याला हात लावला नाही. नुसता पदरानं वारा घातला.

उजवीकडे महाराजांना काय ठाऊक? अंगात आलेलं होतं. बाईंनी पुढची वस्तू दाखवायच्या आत म्हणाले, “थांबा! बालक आता स्वेच्छेनं लिहितो आहे!” मनगट वर-खाली व्हायला लागलं. आणि बुधूनं छाती फुगवून वाचलं:

“माय माझी वैरीण आहे! तिच्याजवळ मला क्षणभर झोप येत नाही!”

मंडप फुटला. काय हशा तो! माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. महाराजांना वाटलं, भक्तीचा पूर आला. ते उठून ओरडले, “जय बोला!”

तेव्हा रुखमाबाईचा पदर तोंडातून उडाला. “अरे गाढवा, पोट्टा झोपला हाये!”

ओरडली आणि दचकून तोंड दाबलं. जीभ चाचपली. जागेवर होती. खात्री पटल्यावर तिनं पंधरा दिवस साठलेलं उरलेलं सगळं बोलून टाकलं. ते मी बायाबापड्यांसमोर सांगू शकत नाही.

डॉक्टरीणबाईंनी चादर ओढली. महाराजांच्या हातात झोपलेल्या पोराचं मनगट होतं.

महाराज तरी काय चीज! “आत्मा झोपत नाही!” म्हणाले.

“मग आत्म्याला मातीची गोळी दिली तेव्हा नारळ कसा दिसला?” बाईंनी विचारलं. “तुम्हाला नारळ दाखवला म्हणून. मासा दाखवला तेव्हा छत्री का लिहिली? तुम्हाला छत्री दाखवली म्हणून. फक्त मुलानंच पाहिलेलं एकही लिहिलं गेलं नाही. तुम्ही पाहिलेलं प्रत्येक लिहिलं गेलं.”

मग त्या लोकांकडे वळल्या. “यात लाज वाटून घेऊ नका. सातासमुद्रापलीकडे मोठ्या शाळांत हेच झालं, पाच-सात वर्षांपूर्वी. न बोलणाऱ्या मुलांचा हात धरून अक्षरं दाबून घ्यायचे, यंत्रावर. आईबाप असेच रडले. कोणाच्या बापावर, कोणाच्या आईवर भलते आरोप लिहून आले, घरं मोडली. मग कोणीतरी हीच साधी परीक्षा घेतली, मुलाला एक चित्र आणि हात धरणाऱ्याला दुसरं. उत्तर दर वेळी हात धरणाऱ्याचं. आणि त्यातले बहुतेक लबाड नव्हते. आपलाच हात चालतोय हे त्यांना खरंच कळत नव्हतं.”

“अन् हा?” कोणीतरी महाराजांकडे बोट केलं.

“याला काटे काढलेली मरळ लागत होती,” बाई म्हणाल्या. “याला कळत होतं.”

माणसं मंचाकडे सरकायला लागली. हात शिवशिवत होते. तेवढ्यात इस्तारी पुढे आला आणि सगळे थांबले. तो महाराजांसमोर उभा राहिला. मारणार वाटलं. पण त्याचा आवाज अगदी खाली होता.

“महाराज, एकच सांगा. पहिल्या दिवशीचं. ‘बाबा, माझी तुमच्यावर माया आहे.’ ते तरी पोट्ट्याचं होतं ना?”

महाराजांनी बुधूकडे पाहिलं. बुधूनं परातीकडे पाहिलं.

इस्तारीनं परात उचलली आणि उपडी केली. पीठ पांढरा धुरळा होऊन मंचभर उडालं. मग तो तिथंच बसला, झोपलेल्या पोरापासून हातभर अंतरावर, आणि कुंताकडे पाहायची त्याची हिंमत झाली नाही.

बाई त्याच्याजवळ बसल्या. आवाज हळू होता, पण माइक चालू होता, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. “तुमच्यावर त्याची माया नाही असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. या बुवालाही माहीत नव्हतं. जे कोणाला माहीत नाही ते माहीत आहे म्हणणारा माणूस ओळखायला शिका, एवढंच सांगते. त्याचा हात बाजूला करून बघा, मागे काय उरतं. तुमच्या पोराला ही गोळी आवडते. मासा आवडत नाही. आईजवळ त्याला झोप येते. आज पाच गावांनी एवढं खरं पाहिलं. इथून सुरुवात करा.”

या गडबडीत अक्षरानंद कुठं गेले? रजई टाकून गेले. तेंदूपानाच्या रिकाम्या ट्रकला मागे लोंबकळत जाताना शेवटचे दिसले. ते कसब अंगात होतंच.

“अन् पोट्ट्याचं काय झालं, आबा?” सुनिलनं विचारलं. हसणं थांबलं होतं त्याचं.

एवढी गोष्ट सांगितल्यावर माणसांना रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? खड्ड्यात बसून मला ठाऊक आहे, शेवटचा पडदा पडण्याआधी एक वाक्य लागतं.

“पोट्टा जागा झाला,” मी म्हटलं. “मंडपात पाच गावची माणसं. त्यानं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. मग उठला, कुंताजवळ गेला, तिच्या गळ्यात दोनी हात टाकले, अन् तोंड उघडून साफ म्हणाला, ‘माय!’ हे या कानांनी ऐकलं. डॉक्टरीणबाई रडल्या, इस्तारी रडला...”

“खोटं.”

खांबाजवळून आवाज आला. ती लेकुरवाळी बाई उभी राहिली होती.

“ओळखलं नाई मले, आबा? मी डिंपल. इस्तारीची. याच गावात देल्ली मले.” तिनं लेकरू या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. “बाकी सारं बरोबर सांगतलं तुमी. पण माहा भाऊ त्या दिवशी काईच नाई बोलला. उठला, गोळी मुठीत धरली अन् घरी गेला. आजवर एक शब्द नाई बोलला. जाळं विणते, बाबासंगं तलावावर जाते. डॉक्टरीणबाईनं चित्रं देल्ले होते. तहान लागली का गडव्याच्या चित्रावर बोट ठेवते. सोताचं बोट, कोनी धरत नाई. राग आला तं तेच चित्र बाबाले फेकून मारते, अन् बाबा हासते. आमाले पुरते तेवढं. मायच्या गळ्यात हात त्यानं जन्मात टाकले नाई, अन् मायनं कधी मांगितले बी नाई. त्या बुवानं त्याच्या बोटातून बाबाले माया पाठवली, अन् आता तुमी त्याच्या तोंडातून मायले पाठवून राह्यले. थो मुका हाये, आबा. तुमचा नट नाई.”